अंशतः

दिवाळी होऊन तीन दिवस झाले होते. बुरहानपूरच्या लोधीपुऱ्यातल्या वामनरावांच्या घरी त्या शनिवारी सकाळी एकाच टेबलावर दोन कामं चालली होती. एका बाजूला उषाबाई उरलेला चिवडा डब्यात भरत होत्या, दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी कोकिळा लॅपटॉपवर एक लांबलचक तक्ता भरत होती.

"सुट्टीत बी काम करू राहिली तू?" उषाबाईंनी विचारलं.

"पुढच्या सोमवारी द्यायचंय, आई."

"परवा गोदाबाई विचारत होती, तुझी कोकी मोबाइल कंपनीत करते काय. मी सांगितलं, परीक्षा घेते. बरोबर ना?"

कोकिळा हसली. "अगदी बरोबर."

२०१८ चं ते वर्ष होतं. दोन मोबाइल कंपन्या एक झाल्या होत्या, आणि आता त्यांची नेटवर्कही एक करायची होती. त्याच वेळी साध्या एसएमएसऐवजी इंटरनेटवरून जाणारे संदेश सुरू करायचं कंपनीनं ठरवलं होतं. ही यंत्रणा पुरवायला तीन पुरवठादार तयार होते. त्यातला एक निवडण्यासाठी इंदूरच्या ऑफिसात पाच जणांची समिती नेमली गेली आणि चाचण्यांचं काम कोकिळाकडे आलं. तक्त्यात एकतीस कलमं होती. प्रत्येक कलमापुढे तीनच उत्तरं चालत. मराठीत सांगायचं तर पूर्ण, अंशतः किंवा नाही. काही कलमं सक्तीची होती. सक्तीच्या कलमापुढे 'नाही' पडलं की तो पुरवठादार बाद.

दुसऱ्या पुरवठादाराचं कलम एकोणीस अजून रिकामं होतं, आणि ते सक्तीचं होतं.

ते कलम असं होतं: ज्याला संदेश पाठवला त्याच्याकडे इंटरनेट नसेल, तर संदेश आपोआप साध्या एसएमएसनं पोहोचला पाहिजे, आणि न पोहोचलेला संदेश पाठवणाऱ्याला 'पोहोचला' असा दिसता कामा नये. कोकिळानं ही चाचणी महाराष्ट्राच्या हद्दीजवळ तुकईथडला घेतली होती. केळीच्या बागेच्या बांधावर सोजरबाई नावाची शेतकरीण भेटली. तिच्या हातात बटणांचा जुना फोन होता. दोन फर्लांगांवरून कोकिळानं चाळीस संदेश पाठवले. कोकिळाच्या फोनवर चाळीसच्या चाळीस 'पोहोचला' असे दिसले. सोजरबाईच्या फोनवर एकोणतीस होते.

"तुह्या फोनात पोचला," सोजरबाई म्हणाली होती, "माह्या हातात नाही आला. मंग हाय कोठे तो?"

याचं उत्तर कोकिळाला ठाऊक होतं. मधलं यंत्र संदेश घ्यायचं, स्वतःच पोच द्यायचं आणि मग संदेश हरवायचं. पण ते तिनं सोजरबाईला सांगितलं नाही. तिनं फक्त विचारलं, "तुम्हाला संदेश येतात कुणाचे?"

"लेकीचे. हद्दीपलीकडं दिली तिले. पोटुशी हाय. मिस कॉल देते, नाही तं लिहून टाकते. मी शेजारच्या पोरीकून वाचून घेते."

त्या दिवसापासून तो रिकामा चौकोन कोकिळाला टोचत होता. उत्तर माहीत होतं. फक्त सगळे आकडे पुन्हा एकदा पडताळायचे होते.

एवढ्यात वामनराव बाहेरून आले. ते निवृत्त गणित शिक्षक. त्यांच्या हातात मावा जिलेबीचा गुलाबी खोका होता.

"भाईदासजींकडून. उद्या तुला घर बघायला बोलावलंय त्यांनी. मी हो म्हटलं."

भाईदास हे राजघाटाकडचे मोठे कंत्राटदार. त्यांचा धाकटा मुलगा अरविंद. स्थळ नवरात्रात आलं होतं, तेही त्यांच्याच बाजूनं. पत्रिकेत छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा. आणि देण्याघेण्याचं विचारलं तेव्हा भाईदासांनी वामनरावांचे हात धरून सांगितलं होतं, "मास्तर, आम्हाला काही नको. तुमची मुलगी तेवढी द्या."

वामनरावांनी हे वाक्य गल्लीत इतक्यांना सांगितलं होतं की आता ते सगळ्यांना पाठ झालं होतं. या आळीत आजवर मुलीच्या बापाला असं कुणी म्हटलं नव्हतं.

*

भाईदासांच्या घरात सगळं नवं होतं. फरशी इतकी गुळगुळीत की कोकिळा पाय जपून टाकत होती. अरविंद समोर बसला होता, अधूनमधून फोन बघून हसत होता. चहा घेऊन एक बाई आली. पस्तिशीची, हातात बांगड्या दोनच. तिनं ट्रे ठेवला आणि गेली. कुणी तिची ओळख करून दिली नाही.

"ही…?" कोकिळानं विचारलं.

"मोठी सून. सुलभा." भाईदासांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "घे बेटी. दमत असशील ना? एवढे एकतीस पेपर तपासायचे."

कोकिळाचा हात बशीवरच थांबला. कलमं एकतीस आहेत हे समितीबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"आपल्या घरात देणंघेणं नाही," भाईदास शांतपणे बोलत होते. "मी मास्तरांना शब्द दिलाय. पण घरचं माणूस घरासाठी थोडं करतंच. तो दुसरा पुरवठादार आहे ना, त्याचं इकडच्या सात जिल्ह्यांतलं उभारणीचं काम मी घेणार आहे. कागदावर माझं नाव नाही, नंतर येईल. बाकी सगळं ठीक आहे त्याचं, तूच तपासलंस. फक्त एकोणीस नंबर."

"तिथं तो नापास आहे, काका."

"पूर्ण पास कर, असं मी कुठं म्हणतो? 'अंशतः' लिही. बस. एक शब्द."

"पुढच्या सहा महिन्यांत दुरुस्त करून देणार आहेत ते," अरविंद म्हणाला. "सब ऐसेही लिखते हैं, कोकिळा. टेन्शन नको घेऊ."

दोघंही हसतमुख होते. कुणी आवाज चढवला नाही, कुणी धमकी दिली नाही. पंखा फिरत होता, ट्रेमधला चहा गार होत होता, आणि कोकिळाला वाटलं की या घराचं दार आपण आत आल्यावर कुणीतरी हलकेच लावून घेतलंय.

ती गार झालेला कप ठेवायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. सुलभा ओट्याशी वरणबट्टीच्या बट्ट्या कापत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"शब्दच मागितला ना?" ती म्हणाली.

कोकिळानं कप ओट्यावर ठेवला.

"माझ्याकडून सही मागितली होती. मी सरकारी ऑफिसात ओव्हरसियर होते, बांधकामं तपासायची. शाळेच्या खोल्यांचं काम सासऱ्यांचं होतं, मोजमापाचं पुस्तक माझ्याकडं. लग्नाला दीड महिना झाला होता. जे बांधलंच नव्हतं तेही बांधलं म्हणून मी लिहून दिलं." सुरी चालतच होती. "चौकशी लागली तेव्हा सगळे म्हणाले, सही तिची आहे, आम्हाला काय माहीत. खरंच आहे. सही माझीच आहे."

"आणि नोकरी?"

"सस्पेंड. केस चालू आहे खंडव्याला. मंगळवारी तारीख असली की बसनं जाते. एकटीच." तिनं बट्ट्या ताटात लावल्या. "माझ्या वडिलांनाही हेच म्हणाले होते, आम्हाला काही नको."

*

घरी आल्यावर कोकिळानं पहिली गोष्ट केली ती तारखा पाहण्याची. समितीत तिचं नाव आलं ती ईमेल अकरा ऑक्टोबरची होती. वामनरावांना प्रत्येक कागदावर तारीख टाकायची सवय. स्थळाची पत्रिका ज्या पाकिटातून आली त्यावर त्यांच्या नीट अक्षरात लिहिलं होतं: सतरा ऑक्टोबर.

सहा दिवस.

तिनं ते पाकीट आईवडिलांपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. उषाबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"दुसऱ्या पोरींचे बाप घर गहाण टाकतात, कोकी. तुला एक शब्द लिहायचाय."

"आई, सुलभावहिनींनीही एक सहीच केली होती."

"तिचं नशीब तिच्यापाशी. तू तिच्यासारखी भोळी नाहीस. आणि साखरपुडा मोडला तर लोक तुझ्यातच खोट काढतील. त्यांच्या घराकडं बोट दाखवायला कुणी जाणार नाही."

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या आतला मास्तर वाट शोधत होता. "चाळीसपैकी एकोणतीस म्हणजे साडेबहात्तर टक्के. अंशतः हा शब्द अगदीच खोटा नाही पोरी. मी तर पास केलं असतं."

कोकिळाला याचीच भीती होती. शब्द पूर्ण खोटा असता तर सोपं गेलं असतं.

"बाबा, तुमच्या वर्गातल्या चाळीसपैकी अकरा मुलं शाळेत पोहोचली नाहीत, आणि शाळेनं त्या अकरांच्या घरी कळवलं की पोहोचली. तर शाळेला किती मार्क द्याल?"

वामनरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्या तुकईथडच्या सोजरबाईच्या लेकीचे दिवस भरत आलेत. ती आईला लिहील. तिच्या फोनवर दिसेल, पोहोचला. ती वाट बघत बसेल. दुसरा फोन करणार नाही, कारण पोच आलीय." कोकिळाचा आवाज खाली आला. "न पोहोचलेलं एकवेळ चालेल. खोटी पोच कशी चालेल?"

वामनरावांनी पाकीट उचललं, त्यावरची स्वतःच्या हातची तारीख पुन्हा वाचली. आपण गल्लीभर कोणतं वाक्य सांगत फिरलो ते त्यांना आता नीट ऐकू येत होतं. त्यांनी सौदा केला होता, आणि वस्तू काय आहे ते त्यांनाच माहीत नव्हतं.

"लिही," ते म्हणाले. "जे आहे ते लिही."

पुढच्या सोमवारी कोकिळानं कलम एकोणीसपुढे 'नाही' लिहिलं. सोबत साहेबांना वेगळं पत्र दिलं: माझं लग्न ज्या घरात ठरत होतं, त्या घराचा या पुरवठादाराशी संबंध आहे, सबब मला समितीतून काढावं. नाव दिलं, दोन्ही तारखा दिल्या, कलमांची संख्या बाहेर कशी गेली हेही विचारलं. त्याच दिवशी वामनराव स्वतः राजघाटाकडे जाऊन नकार कळवून आले. भाईदासांनी त्यांना पाणी विचारलं आणि तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "जैसी आपकी मर्जी, मास्तर."

त्या शांतपणाचा अर्थ वामनरावांना कळला नाही.

*

साहेबांनी पत्र बंद पाकिटात ठेवलं, कोकिळाला काढलं आणि नियमाप्रमाणे कलम एकोणीसची चाचणी नव्यानं घ्यायला सांगितलं. कोकिळाच्या जागी सुनंदा आली. सव्वीस वर्षांची, हुशार, घर खंडव्याला. कोकिळा का निघाली हे तिला सांगितलेलं नव्हतं.

गल्लीत मात्र सगळ्यांनाच कारण माहीत होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. कुणी म्हणालं मुलीचं इंदूरला काहीतरी आहे, कुणी म्हणालं पत्रिकेत मंगळ निघाला. उषाबाईंनी महिनाभर मंदिरात जाण्याची वेळ बदलली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुनंदाचा फोन आला. तुकईथडचं ठिकाण, फोनची जात, वेळ असं सगळं तिनं नीट विचारून घेतलं. मग हसत म्हणाली, "आणखी एक सांगू? मी बहुतेक तुमच्या बुरहानपूरची सून होणार. राजघाटाकडचं घर आहे. अरविंद नाव."

कोकिळानं कागद आणि पेन जवळ ओढलं.

"स्थळ कधी आलं?"

"मागच्या आठवड्यात. का?"

"तू समितीत आलीस कधी?"

"त्याच्या आधी चार-पाच दिवस. पण का?"

कोकिळानं सांगितलं. सरळ, क्रमानं, काही न वाढवता.  मग सुनंदाचा आवाज आला, जरा कोरडा.

"म्हणजे तुमचं तिथंच ठरलं होतं, आणि मोडलं. तुम्हाला वाईट वाटत असेल, ताई. पण आईबाबा फार खूश आहेत. मी ठेवते."

कोकिळा फोनकडे बघत राहिली. तिचं बोलणं पलीकडे गेलं होतं. पोहोचलं नव्हतं. लग्न मोडलेल्या मुलीचा शब्द कोण खरा धरणार? तिनं तिथंच उभं राहून दुसरा नंबर लावला, त्या स्वयंपाकघरातून निघताना घेतलेला.

"मंगळवारी माझी तारीख आहे," पलीकडून सुलभा म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "सकाळी सातची बस. माझ्या शेजारची जागा रिकामीच असते."

*

कोर्टानं पुढची तारीख दिली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तिथून दोघी रिक्षानं सुनंदाच्या घरी गेल्या. दार तिच्या आईनं उघडलं. सुनंदा साखरपुड्याच्या साडीसाठी रजा घेऊन आली होती. कोकिळाला पाहून ती खुर्चीतून अर्धवट उठली आणि तिचा चेहरा उतरला. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

"बुरहानपूरहून आलात? या, बसा ना. आमच्या सुनंदाचं तिकडंच जमतंय." तिनं टेबलावरचा गुलाबी खोका उघडून पुढे केला. मावा जिलेबी. "त्यांनीच पाठवलीय. माणसं इतकी सज्जन, काय सांगू. आम्ही दोनदा विचारलं. म्हणाले, आम्हाला काही नको."

कोकिळानं खोक्याला हात लावला नाही. सुलभानं पिशवीतून कोर्टाची फाइल काढली. कडा मऊ पडलेली, तारखांनी भरलेली ती फाइल तिनं जिलेबीच्या शेजारी ठेवली आणि पहिलं पान सुनंदाकडे वळवलं.

"मी त्यांची मोठी सून," ती म्हणाली. "माझ्याकडूनही काही घेतलं नव्हतं."