आबांच्या जादा फेऱ्या

चाकणजवळच्या ट्रॅकवर चाचणीची गाडी गिअर बदलायची, तेव्हा तळेगावात खाटेवर पडलेले रंगनाथ काशीद डाव्या पायाने क्लच दाबायचे. खाटेला क्लच नव्हता. अर्धांगवायूनंतर तो पाय नुसतं लाकूड झाला होता. तरी तो खाली जायचा, तळाला टेकायचा आणि परत वर यायचा.

हे खंडेनवमीपासून सुरू झालं. त्या दिवशी कंपनीत यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू वाहतात. रंगनाथांची मुलगी वृषाली तिथे नऊ गिअरच्या नव्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर काम करत होती. पहिल्या नमुन्याची पूजा तिनेच केली आणि उरलेलं कुंकू पुडीत बांधून घरी आणलं. घरच्या पाटावर विळी होती, हातोडी होती. जन्मभर एसटी चालवलेले आबा खाटेवरून म्हणाले, "माझ्या डाव्या गुडघ्यालाही लाव. अवजारच आहे ते." तिने लावलं. सणानंतर गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर उतरली आणि आईचा फोन आला.

"अगं, ह्यांचा पाय हलला. थांब, हा बघ परत."

कंपनीत बसलेल्या वृषालीने ट्रॅकवरच्या गाडीचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. गाडी नुकतीच तिसऱ्यात गेली होती.

क्लच सोडावा तसा पाय वर आला की घर थोडं पुढे सरकायचं. काशीदांची गल्ली उताराची, त्यामुळे ते सरकणंही उताराच्या दिशेनेच. सुरुवातीला गिअरबॉक्स झटके देत होता, तेव्हा मांडणीवरची ताटं खाली यायची. वृषालीने ट्रॅकवर झटका कमी केला तशी ताटं जागेवर राहू लागली. तुळस मात्र मागेच राहिली. आई तिला पाणी घालायला गल्ली चढून जाऊ लागली.

"वहिनी, तुमची पायरी आमच्या दारात आलीय," शेजारचे म्हस्के एकदा म्हणाले.

"मग चहा प्यायला तुम्हाला लांब यायला नको," आई म्हणाली आणि तिने पायरीखाली दगड लावला, आबा घाटात चाकाला लावायचे तसा.

पायाला रंग आला. आबा आधी खाटेच्या कडेला बसू लागले, मग भिंतीला धरून उभे राहू लागले. देवळात कधी न जाणारी वृषाली कामावर गेली की आधी गिअरबॉक्सवर हात ठेवून उभी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, तापलाय का बघतेय.

मग तिचे साहेब, नाईकनवरे, यांनी शेवटचं काम सांगितलं. "दोन गिअरमधली फट मिटवायची. पुढच्याने पकडल्याशिवाय मागच्याने सोडायचं नाही."

"थोडी फट राहिली तर नाही का चालणार, सर?"

"कशाला ठेवायची?"

"कुणाच्या तरी उपयोगी पडते."

"गिऱ्हाइकाच्या तर नाही पडत," नाईकनवरे म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांनी तिला स्वतःच्या डब्यातली एक चकली दिली.

मागचा गिअर सुटलेला आणि पुढचा लागायचा असतो, तेवढ्या फटीतच आबांचा पाय जाऊन येत होता. तिने संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं. घर तेव्हा गल्लीच्या मध्यावर होतं.

"फट मिटली तर पाय परत पडेल, आबा."

आबांनी पाय खालीवर करून पाहिला. "मागे एखादी बाई पोराला मांडीवर घेऊन झोपलेली असते. गिअर टाकताना ते पोर उठलं, तर ड्रायव्हर कसला? मिटव."

"आणि पाय?"

"त्याची ड्युटी कधीच संपली होती. तुझ्या त्या गिअरच्या डब्याने ह्या जादा फेऱ्या दिल्या. त्याचे उपकार मान, भांडू नकोस."

"रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, अजून उतारूंची काळजी," आई आतून म्हणाली. "बायकोचं वरण सांडत होतं, तेव्हा गप्प."

आबांनी पितळी पेला काठोकाठ भरून मागितला आणि खिडकीत ठेवला. "उद्या हा सांडला नाही, तर तू पास."

दुसऱ्या दिवशी चाचणीची गाडी वृषालीने स्वतः चालवायला घेतली. फोन आईशी जोडून शेजारच्या सीटवर ठेवला. पहिल्या गिअरने दुसऱ्याच्या हातात हात दिला, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. मध्ये फट कुठेच नव्हती. गाडी चालली आहे हे फक्त बाहेरच्या झाडांवरून कळत होतं.

"आई, पाय पडला का?"

"नाही. खाली गेलाय तो वर यायलाच तयार नाही. दाबून धरलाय ह्यांनी."

नववा लागला. पडद्यावर दहा उमटला. बसवलेले गिअर नऊच होते. मग अकरा उमटला, पहिल्या नऊंइतकाच अलगद, आणि हात देणं थांबलं नाही.

"आबांना सांग, सोडा."

"सांगितलं. म्हणतात, पुढचा लागल्याशिवाय कसा सोडू." मग आईचा आवाज दारातून आला. "वृषे, पायरीखालचा दगड मागे राहिलाय."

"आवाज कसला येतोय?"

"कसलाच नाही," आई म्हणाली. "तेच सांगतेय."

वृषालीने आरशात पाहिलं. ट्रॅकच्या वळणावरून त्यांचं घर येत होतं. दोरीवरचे कपडे एका जागी लोंबत होते. खिडकीपाशी आबा दोन्ही पायांवर उभे होते, आणि त्यांनी उजवा हात बाहेर काढून साइड मागितली. तिने गाडी डावीकडे घेतली.

घर तिच्या शेजारून पुढे गेलं. खिडकीतला पेला काठोकाठ भरलेला होता. पुढे ट्रॅक संपून कुंपण लागत होतं. आबांनी मागे न बघता, साइड दिल्याबद्दल करतात तसा, हात वर केला.