तळाचं पांढरं

लोहगडवाडीत, गडाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे, भामाबाईंचा ताकाचा ठेला आहे. उजवा डोळा लाल झाला आणि त्यात ऊन काचेसारखं रुतू लागलं, तेव्हा ठेला झाकून सून ज्योत्स्ना त्यांना लोणावळ्याला घेऊन गेली. डोळ्याच्या आतल्या सुजेवर डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडचे थेंब दिले. दर दोन तासांनी एक.

ज्योत्स्नाने मोबाइलवर गजर लावले. बाटली कोनाड्यात उभी असे. वाऱ्यातून दिवा न्यावा तशी ती डोळ्यापर्यंत येई.

दहा दिवसांनी सूज होती तशीच होती.

"बाहुली चिकटण्याच्या बेतात आहे," डॉक्टरीणबाई यंत्रातून पाहत म्हणाल्या. "नजर अधू होईल, आजी. पुण्याला जाऊन डोळ्याजवळ इंजेक्शन घ्यावं लागेल. थेंब चुकवलेत ना?"

"न्हाई वो बाई. ही पोरगी गजर लावून बसती. नवऱ्याला बी येवढ्या येळंवर भाकर देत न्हाई."

"माझ्यासमोर घाला बरं एक."

ज्योत्स्नाने रुमालात गुंडाळलेली बाटली अलगद उघडली.

"हलवली नाहीत?"

"म्या हलवू दिली न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "डोळ्याचं औषध. डुचमळलं म्हंजी बिघडंल."

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या पट्टीवर एक थेंब टाकला. नितळ. मग झाकण लावून बाटली जोरात हलवली आणि शेजारी दुसरा टाकला. दुधासारखा.

"औषध तळाशी बसतं. तुम्ही दहा दिवस वरचं पाणी घातलंत."

भामाबाई चांगल्या डोळ्याने ते दोन थेंब पाहत राहिल्या. तीस वर्षांत रवी फिरवल्यावाचून त्यांनी कुणाला पेला दिला नव्हता.

"गिऱ्हाइकानं तोंडावर फेकलं असतं," त्या म्हणाल्या. "डोळा गरीब. मुकाट घेतलं त्यानं."

पुण्याची चिठ्ठी डॉक्टरीणबाईंनी खणात ठेवली. "नवी बाटली घ्या. आठ दिवस बघू."

आठव्या दिवशी सकाळी ठेल्यावर बसून भामाबाईंनी डावा डोळा तळहाताने झाकला. पायऱ्या कडांशी विरघळल्यासारख्या होत्या, पण होत्या.

"दिसतंय का, आत्या?"

"चौघं उतरत्यात. एकीची टोपी पिवळी."

ज्योत्स्नाने वर पाहिलं. चौघंच होती. "मग आता थेंब बंद?"

"बंद न्हाई. एकदम सोडलं की सूज फिरून येती, बाई म्हणल्यात. हळूहळू कमी करायचं."

गजर वाजला. भामाबाईंनी बाटली मुठीत धरून हलवली, मान मागे टाकली, थेंब सोडला आणि डोळा मिटून घेतला. तो उघडला तेव्हा पिवळी टोपी शेवटच्या पायरीशी आली होती. त्यांनी रवी उचलली.