पावडीवरचं इंग्रजी

नागपूर अजून राजधानी होतं, तेव्हाची गोष्ट. खोटी वाटली तर अर्धीच खरी माना. पण कोणती अर्धी, ते मला विचारू नका.

सदरमधल्या एका कचेरीत टेलिफोनवर बसायला मुलगी हवी होती. आमच्या आळीतल्या नत्थूजी विणकराच्या देवकीनं ठरवलं, ती मुलगी आपणच. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढायचा नाही. नत्थूजी म्हणाले, "एकडाव जाऊन पाह्य पोरी. नाही जमलं त माग काही पळून नाही चालला."

साहेब आत्ताच बाहेर गेले, साहेब अजून आले नाहीत, हेच दिवसभर इंग्रजीत सांगायचं काम. शिकवायला शेजारच्या यमुताई, जुन्या मास्तरीणबाई. देवकी आपल्या बोलण्याच्या चालीनं 'आत्ताच' आधी घ्यायची, "जस्ट ही हॅज गॉन."

"काहून वं? त्या 'जस्ट'ले एवढी कायची घाई? हॅज पुढं, गॉन मागं, जस्ट मधात. अन् 'येट' पार शेवटी!"

खुर्चीवर बसून ते देवकीच्या जिभेवर बसेना. विणकाम थांबवूनही चालेना. मग यमुताईच मागाशेजारी पाट टाकून बसल्या, आणि गंमत झाली. पायाखालची डावी पावडी दाबली की 'ही हॅज', धोटा पळाला की 'जस्ट', फणी ठोकली की 'गॉन'. 'येट' यायचं उजव्या पावडीवर, सगळ्यांच्या मागून. त्या मागावर इतकं इंग्रजी विणलं गेलं, की त्यावर विणलेलं लुगडं नेसलेली आळीतली प्रयागबाई बाजारात कोहळ्याचा भाव इंग्रजीत विचारू लागली.

मुलाखतीला मी आणि नत्थूजी व्हरांड्यात, खिडकीला नाक लावून. टेबलापलीकडून साहेबांनी विचारलं, "साहेब अजून आले नाहीत, कसं सांगशील?"

देवकीनं तोंड उघडलं. "येट... येट ही..." गुळगुळीत फरशीवर तिचे पाय नुसते चाचपडत होते.

"गेलं गा," नत्थूजी कपाळाला हात लावून पुटपुटले.

तेवढ्यात टेबलाखाली तिच्या पायांना दोन पावड्या लागल्या. चांगल्या रुंद, जराशा मऊ. तिनं डावी दाबली.

"ओह!" साहेब म्हणाले.

"ही हॅज नॉट कम..." उजवी दाबली. "...येट, सर!"

"आई गं!"

"ही हॅज जस्ट गॉन, सर!"

साहेबांना पाय मागे घेता आले असते. पण वाक्यं अशी सरळ निघत होती, की मधेच धागा तोडणं त्यांच्या जिवावर आलं. ओठ चावत त्यांनी सगळे प्रश्न विचारले. मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

"हे काय?"

देवकी लाल झाली. "पावडी समजली जी. मागावर बसून शिकली मी."

साहेब हसता हसता बूट चोळू लागले. "नोकरी तुझी. पण उद्या पावड्या घरून आण. या दोन मला चालायला लागतात."

नत्थूजींनी त्याच संध्याकाळी सागाच्या दोन पावड्या करून दिल्या. मग त्या कचेरीत टेलिफोन केला की आधी 'खट्' ऐकू यायचं, मग इंग्रजी. लोक म्हणायचे, तार बिघडली. नत्थूजी मात्र अधूनमधून ओळखीच्या दुकानातून फोन लावायचे. तिकडून 'खट्' आलं, साहेब अजून आले नाहीत असं लेकीनं ठसक्यात सांगितलं, की एक शब्द न बोलता फोन ठेवायचे आणि दुकानदाराला विचारायचे, "ऐकली का गा माझी देवकी?"