न वाजलेला भोंगा

ही गोष्ट २०२३ सालची. ज्या सोलापूरने एके काळी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावली, त्याच सोलापुरात संगमेश एका खासगी रक्तपेढीच्या भोंग्यासाठी प्रोग्रॅम लिहीत होता. रक्ताचा फ्रीज दहा मिनिटे तापलेला राहिला, की भोंगा वाजायला हवा.

वेळ मोजायला त्याने प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली एक नवीकोरी सोय घेतली. तिचा नियम अजून मसुद्यातच होता. 'ही सोय अजून बदलू शकते' असा पिवळा इशारा संगणक दर वेळी देई. संगमेशने तो इशाराच बंद करून टाकला!

शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकारी जाहिदाआपांनी ते पाहिले. "अरे, हा नियम पक्का झालेला नाही."

"ठरलंय की, आपा! आता कोण बदलतंय?"

"वैरागच्या स्थळाशी सुपारी फुटली होती की तुझी. हॉलसुद्धा बघून आलास. पडल्या का अक्षता?"

सगळे हसले. संगमेशही. "आपा, लई जुन्या वळणाच्या तुम्ही!"

"घरी खेळायला वापर, बाबा. रक्ताच्या पिशव्यांवर नको."

पण त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक बिरप्पा यांना घाई होती. भोंगा बसला, सुरुवातीला चोख वाजलाही.

मग अंतिम नियम आला. मसुद्यातला आकडा सेकंदांचा होता, तो आता मिनिटांचा झाला. नवी आवृत्ती चढली आणि सहाशे सेकंदांची सहाशे मिनिटे, म्हणजे दहा मिनिटांचे दहा तास झाले. इशारा तर बंदच होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, फ्रीजपाशी कुणी नव्हते. बॅटरीवर चालणारा भोंगाही गप्प. संध्याकाळी मोहोळहून श्रीदेवी नावाच्या बाईला जवळच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी आणले. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. रक्तपेढीत फ्रीज उघडला, तर आतून ऊब आली! दुसरीकडून रक्त येईपर्यंत श्रीदेवी गेली.

रक्तपेढीतून फोन आला, तसा संगमेश धावत दवाखान्यात पोचला. तिची आई नागव्वा बाळाला घेऊन जिन्यात बसली होती. "येवढं मोठं शहर, आन् रगत न्हाय?"

दुसऱ्या दिवशी बिरप्पा ओरडले, "आजपासून नवं काहीच नको!"

"तेही चूक, साहेब," आपा म्हणाल्या. "जुन्याची डागडुजी थांबली, की तेही घात करतं. नियम अंतिम होऊ द्या, चार ठिकाणी तो सारखाच चालतोय का बघा, आपला भोंगा खरोखर वाजवून बघा. मग खुशाल विश्वास ठेवा."

संगमेशने इशारे चालू केले. पडदा पिवळा झाला.

वाचकहो, नव्याला भिऊ नका. पण ज्यावर कुणाचा जीव टांगला आहे, तिथे अर्धवट ठरलेल्या गोष्टीवर विसंबू नका, आणि सावध करणाऱ्याचे तोंड तर कधीच बंद करू नका!

त्या रक्तपेढीला टाळे लागले. बिरप्पांनी धंदा सोडला. जाहिदाआपा नव्या मुलांना शिकवतात. संगमेश आता दुसऱ्या रक्तपेढ्यांचे काम करतो; दर नव्या आवृत्तीनंतर स्वतः जाऊन रिकाम्या फ्रीजचे दार उघडे ठेवतो, भोंगा वाजेपर्यंत उभा राहतो. मोहोळला जाऊन त्याने नागव्वाला सगळे सांगितले. नातीला मांडीवर घेऊन तिने ऐकले. तिला एवढेच कळले, की जे वाजायला हवे होते, ते वाजले नाही.