पिठाच्या पोत्यामागची बाटली

मित्रांनो, जिच्यातून श्वास घ्यायचा तिचीच लाज बाळगणाऱ्या माणसाला काय म्हणावे? आमचा बेकरीवाला असाच. दारात गिऱ्हाईक दिसले की मला पोत्यामागे ढकलायचा. "मालक बाटली तोंडाला लावून बसलाय म्हणतील," असे त्याचे म्हणणे.

मी एक जुनी, प्लॅस्टिकची सरबताची बाटली आहे. शिकलेली नाही, माझ्या अंगावरचा कागदही मला कधी वाचता आला नाही. पण दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तापल्या तारेने माझ्या बुडाला भोक पाडले, त्यात दम्याचा निळा पंप घट्ट बसवला आणि माझे दिवस पालटले. पंप दाबला की औषध माझ्या पोटात थांबते. माणूस माझ्या तोंडातून ते सावकाश ओढतो.

"निळा पंप दम लागल्यावर," नर्सबाईंनी बजावले होते, "आणि तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ. बरं वाटलं तरी."

बरे वाटले, आणि तपकिरी पंप फडताळात गेला.

एका सकाळी मैदा चाळताना त्याचा श्वास कोंडला. छाती शिट्टीसारखी वाजू लागली. बायको विचारते, "अहो, बाटली कुठे ठेवलीत?" तर याच्या तोंडून शब्द फुटेना. लपवणारा तोच, ठाऊकही त्यालाच. कसेबसे बोट पोत्यांकडे गेले.

गुडघ्यांपायी खुर्ची न सोडणारी त्याची आई उठली. तिने पोती लोटली, मला नळाखाली धरून झटकले.

"ताठ बस. आडवा होऊ नकोस."

एक दाब, चार संथ श्वास. पुन्हा एक दाब, पुन्हा चार. तोवर सुनेने रुग्णवाहिका बोलावली. ती दारात आली तेव्हा त्याच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "पाव जळतोय."

पाव जळून कोळसा झाला होता. पण इतका गोड वास मी आजवर घेतला नव्हता.

दवाखान्यातून तो दुसऱ्या दिवशी परतला, तेव्हा मी गल्ल्याशेजारी खिळ्यावर होते, सगळ्यांना दिसेल अशी. मित्रांनो, मला धुवा, वाळवा, पण हाताशी ठेवा. पिठात पुरू नका.

दुकानात चार गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यादेखत आई त्याला म्हणाली, "लोक पाव घ्यायला येतात, तुझी छाती तपासायला नाही. ही बाटली इथून हलली, तर तूही गल्ल्यावरून हललास म्हणून समज. आण तो तपकिरी पंप. माझ्यासमोर घे."