मुदत संपलेला दाखला

मी एक जुना दाखला आहे. तहसीलमधून आणतात तसला नव्हे, वेबसाइटच्या सुरक्षेचा. मित्रांनो, मोबाईलवर एखादी साइट उघडली की पत्त्याशेजारी बारीकसं कुलूप दिसतं ना, ते माझ्या जिवावर. ही साइट खरोखर त्याच नावाची आहे याची मी हमी देतो आणि तुम्ही तिथे लिहिलेलं वाटेत कुणाला वाचू देत नाही. म्हणजे देत नव्हतो. आता मला कुणी विचारत नाही.

माझा जन्म बीडमधल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. संस्कृती तिथे राहून कॉम्प्युटर शिकत होती. तिचे आजोबा आश्रुबा बीडच्या बसस्टँडवरून हरवले होते. विसराळूपणा इतका वाढलेला की स्वतःचं नावही सांगता येत नसे. त्यांची एकुलती लेक म्हणजे संस्कृतीची आई, घाटनांदूरची शिवकन्याताई. आधी तिने आपला फोन नंबर सगळीकडे दिला, तर टवाळखोरांनी तिला नको नको ते ऐकवलं. म्हणून संस्कृतीने साइट केली. वर आजोबांचा फोटो, खाली निरोप लिहायची चौकट. दूरच्या शहरातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर तिने भाड्याने जागा घेतली. साइटचं नाव तिचंच आहे हे सिद्ध करायला तिला खुणेची एक फाइल तिथे ठेवावी लागली. तपासणी झाली आणि मला दारावर बसवलं. मग मायलेकींनी साइटचा चौकोनी कोड छापलेले कागद स्टँडवर, दवाखान्यांत, जवळच्या नारायणगडाच्या देवस्थानावर चिकटवले.

ते दिवस माझ्या मानाचे. माणसं कुलूप बघून निर्धास्त लिहायची. बरेचसे निरोप चुकीचे निघाले, पण शिवकन्याताई प्रत्येकामागे धावली.

माझं आयुष्य तीन महिन्यांचं. मुदत संपण्याआधी सर्व्हरने आपोआप नवा दाखला आणावा, अशी व्यवस्था संस्कृतीने केली होती. नवा वेळेवर आलाही आणि माझ्याशेजारी येऊन पडला. तसा मेल बघून ती निश्चिंत झाली. पण जुना काढून नवा दारावर लाव, हे सर्व्हरला सांगायचं राहून गेलं आणि त्या पठ्ठ्याला सांगितल्याशिवाय काही सुचत नाही. मुदत संपूनही मी दारावर तसाच उभा राहिलो.

मग जो येई त्याचा मोबाईल माझी तारीख बघे आणि बजावे, इथे तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. माणसं आल्या पावली परत फिरत. थांबा, ही साइट खरीच आहे, असं ओरडून सांगावंसं वाटे, पण माझा शब्द कोण मानणार? निरोप मेलवर येत असल्याने शिवकन्याताईला साइट उघडायचं कारणच पडत नसे. निरोप नाही म्हणजे बाबांना कुणी पाहिलंच नाही, असं ती समजली.

शेवटी संस्कृतीच्या मैत्रिणीने, वैष्णवीने, तो इशारा पाहून तिला कळवलं. संस्कृतीने एका ओळीची आज्ञा दिली. नवा दारावर गेला आणि मी जुन्या फाइलींच्या फोल्डरमध्ये. तिथूनच मी नारायणगडावरच्या हॉटेलवाल्या बाळूचा निरोप वाचला.

"आजोबा दोन दिस माझ्या हाटेलावर व्हते. कागदावरचं तवाच उघडलं व्हतं, पर मोबाईल म्हनला हितं चोरी व्हती. फसवाफसवी असंल म्हनून सोडलं. पोलिसाला सांगाया गेलतो, तवर ते उठून गेलते. आज पुन्यांदा बघितलं तं उघडलं."

शिवकन्याताईने उलट निरोप पाठवून विचारलं, "बाबा काही बोलले का?"

"नाव न्हाई सांगता आलं. पोरगी न्यायला येनार हाय, एवढंच म्हनायचे."

मला तेव्हा मिटून जावंसं वाटलं. पण फाइलीला तेही जमत नाही.

मित्रांनो, नवा दाखला मिळाला म्हणून स्वस्थ बसू नका. आपलंच दार परक्या माणसासारखं एकदा बाहेरून उघडून बघा. शिवकन्याताई आता रोज सकाळी तेवढं करते. साइट उघडते, फोटोतल्या बाबांकडे थोडा वेळ बघते आणि कामाला लागते. आश्रुबा अजून कुठल्यातरी ओट्यावर तिची वाट बघत असतील.