दोन हजार वर्षांची भुलाबाई

मी एक भुलाबाई आहे. मातीची, तळहातावर मावेल एवढी, एक हात तुटलेली. माझं वय दोन हजार वर्षं आहे असं पुष्कळांना सांगण्यात आलं. ते खोटं आहे. त्या खोट्यापायी काय घडलं, ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. पवनीला जाऊन तिथली जुनी टेकडी पाहायचं तुमच्या मनात असेल, तर निघण्याआधी माझं ऐकून घ्या.

माझा जन्म पवनीतच झाला. शकुनबाई कुंभारीण गावालगतच्या तलावाची चिकणमाती आणायची, तुडवायची आणि भादवा लागायच्या आत भुलोबा-भुलाबाईच्या जोड्या करायची. पोरी त्या पाटावर मांडतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात, झाकून आणलेली खिरापत ओळखतात आणि वाटून खातात. मीही त्याच खेळासाठी होते. पण भाजताना माझा जोडीदार तडकला. एकटी भुलाबाई कोण घेणार? मी शकुनबाईच्या ओसरीवर पणत्यांच्या ढिगामागे पडून राहिले.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. नागपूरकडची शिकलेली माणसं येऊन टेकडी खोदून गेली होती. जमिनीतून जुन्या स्तूपाच्या विटा आणि कोरलेले दगड निघाले होते. पेपरात बातम्या आल्या, तशी ते बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. आणि त्या माणसांकडे बाबुलालचं लक्ष गेलं.

बाबुलालकडे एक रेंगी होती, म्हणजे माणसं बसवायची हलकी बैलगाडी. तो दिवसभर बसस्टँडवर उभा असायचा. एके दिवशी तो शकुनबाईकडे आला आणि पोरीला खेळायला हवी म्हणून मला घेऊन गेला. घरी त्यानं माझा रंग धुऊन काढला. दगडानं ठेचून माझा एक हात उडवला. मग पावसाळाभर मला उकिरड्यात पुरून ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा मी काळपट, खडबडीत, फार जुनी दिसत होते. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि तो हसला. त्या हसण्याची मला भीती वाटली.

त्याचा धंदा असा होता. बस आली की उतरणाऱ्यांत कोण नवखं आहे ते तो हेरायचा. टेकडी लांब आहे, पायवाटेवर साप आहेत, परतीची शेवटची गाडी लवकर सुटते, असं एका दमात सांगायचा. टेकडी खरं तर हाकेच्या अंतरावर, आणि गाड्या संध्याकाळपर्यंत असायच्या. पण बाजूच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन कुणी विचारत नसे. परक्या गावात माणूस जो पहिला गोड बोलतो त्याच्यावर विश्वास टाकतो. दुसऱ्याला विचारलं तर पहिल्याचा अपमान होईल असं त्याला वाटतं.

बाबुलाल त्यांना टेकडीवर न्यायचाच नाही. तो न्यायचा जुन्या परकोटाच्या, म्हणजे गावाच्या तटाच्या मागं, खंदकाच्या कडेला. तिथं मातीची उंच दरड होती, वर पळसाचं झाड. दरडीच्या पोटात त्यानं मला आधीच पुरलेलं असायचं. सहज म्हणून माती उकरून बघा, नशीब असेल तर काहीतरी सापडतं, असं तो म्हणायचा. पाहुणा हात घालायचा आणि मी सापडायचे. माणसाचे डोळे तेव्हा कसे चमकतात ते मी पुष्कळदा पाहिलं. मला पदरात किंवा पिशवीत लपवलं, की झुडपामागून बाबुलालचा साथीदार भय्याजी यायचा. अंगात खाकी कपडे, हातात वेताची छडी. तो कुठल्याच खात्यात नव्हता. पण सरकारी वस्तू चोरता म्हणून दरडावला, की पाहुणे मला काढून त्याच्या स्वाधीन करायचे. मग बाबुलाल मध्ये पडायचा, भय्याजीच्या हातावर काहीतरी टेकवायला लावायचा, आणि पाहुणे मिळेल त्या गाडीनं पळ काढायचे. तक्रार कुणीच केली नाही. त्यांना वाटायचं, चोर आपणच आहोत.

मी पुन्हा दरडीत. दर वेळी थोडी जास्त आत, कारण जागा हात न लागलेली दिसायला हवी. खालची माती निघत गेली, वरची तशीच लोंबत राहिली. आतून मला सगळं ऐकू यायचं. मुळं ताणली जायची. कुठूनतरी पाणी झिरपायचं, आणि मधूनच एक बारीक आवाज यायचा, कोरडी भाकर मोडल्यासारखा. दरडीला भेग पडत होती.

शकुनबाई त्या वाटेनं माती आणायला जायची. तिनं एकदा बाबुलालला हटकलं.

"थे दरड खालून पोकळ करून ठेवली तू. कोणाच्या तरी अंगावर येईन."

बाबुलाल म्हणाला, मी कुठं आत जातो? ते खरंच होतं. आत वाकायचे ते पाहुणे.

अशी वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात, धान कापून-चुरून झाल्यावर, गोमाजी आणि आनंदाबाई आले. तुमसरच्या पलीकडच्या एका खेड्यातलं हे शेतकरी जोडपं. घरची शेती, तलावाचं पाणी, मुलगा-सून हाताशी. वैनगंगेत अंघोळ करायची आणि पेपरात वाचलेली टेकडी पाहायची, एवढंच गोमाजीच्या मनात होतं. आगगाडीनं ते भंडारा रोडला उतरले. स्टेशनाच्या नावात भंडारा आहे म्हणजे उतरलो की भंडाऱ्यात, अशी त्यांची समजूत. स्टेशन निघालं वरठीला. तिथून भंडारा, भंडाऱ्याहून पवनी, असं करता करता दुपार कलली. थकलेल्या माणसाला सोबत हवी असते. बाबुलालनं त्यांना रेंगीत बसवलं तेव्हा आनंदाबाईला बरंच वाटलं.

त्या दिवशी भय्याजी आजारी होता. मी आनंदाबाईच्या हाताला लागले. तिनं मला पदरानं पुसलं आणि नमस्कार केला. बाबुलालनं मग स्वतःच पैसे मागितले आणि गोमाजीला बजावलं, की ही दोन हजार वर्षांची देवी आहे, सरकारी आहे, कुणाला दाखवाल तर बेड्या पडतील. गोमाजीचा चेहरा उतरला. त्याला मी नकोच होते. पण बायकोच्या हातातून देवी काढून घेणं त्याला जमलं नाही.

त्यांच्या घरी मी कोनाड्यात बसले. आनंदाबाई रोज एक फूल ठेवायची. त्यांची लहानगी नात बेबी माझ्यासमोर बसून काहीबाही गुणगुणायची. मी ज्यासाठी जन्मले ते मला तिथं मिळालं. पण गोमाजी कोनाड्याकडे बघत नसे. कुणाच्या बांधावर पडलेला आंबासुद्धा ज्याचा त्याला नेऊन देणारा तो माणूस. दाराशी कुणी परका आला की तो दचकायचा आणि कोनाड्यावर फडकं टाकायचा.

पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली आणि बेबीला ताप भरला. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, तरी ताप हटेना. देवी कोपली, असं शेजारणी कुजबुजू लागल्या. आनंदाबाई रात्रंदिवस पोरीच्या उशाशी होती. एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली,

"जिची जागा तिले वापस देऊन या. आपल्या घरात नोको."

गोमाजीनं मला कापडी पिशवीत घातलं आणि तो निघाला. त्याला हलकं वाटत होतं, हे मला पिशवीतून कळत होतं.  पाऊस लागून राहिला होता.

पवनीच्या स्टँडवर बाबुलाल रेंगीच्या आडोशाला बिडी ओढत उभा होता. त्यानं गोमाजीला ओळखलं आणि का आलात म्हणून विचारलं.

"हे देवी ठेवाले आलो," गोमाजी म्हणाला. "नात तापानं फणफणून राहिली. जिथून काढली तिथंच ठेवतो."

बाबुलालनं पिशवीकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. ही शकुनबाईची भुलाबाई आहे काकाजी, फेकून द्या कुठंही. नाहीतर एवढंच, की पावसात त्या दरडीखाली जाऊ नका. त्यानं बिडी चपलेखाली विझवली. मला वाटलं, आता बोलेल. मग तो म्हणाला,

"बरं केलं. पण वरवर नोका ठेवू, कोणी नेईन. पार आत ठेवा."

मी त्याला परत हवी होते, फुकटात. आणि पायवाटेनं गेलात तर परकोटामागं लगेच पोचाल, हे खरं त्यानं त्या दिवशी आपणहून सांगितलं. रेंगी जोडली नाही.

गोमाजी एकटाच गेला. खंदकात गढूळ पाणी साचलं होतं. दरडीपाशी त्यानं चपला काढल्या, हात जोडले, आणि मला घेऊन गुडघ्यांवर आत सरकला. पुटपुटत होता, नातीला बरं कर म्हणून. मी त्याला सांगू पाहत होते, की मी देवी नाही, माझी जागा ही नाही, मला इथंच टाक आणि मागं फिर. मातीला तोंड असून आवाज नसतो. त्यानं हात आणखी आत घातला. वर पळसाची मुळं तटातट तुटली.

आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या मातीचा आवाज दबका असतो.

अंधारात त्याची मूठ माझ्याभोवती आवळली होती. काही वेळ ती गरम होती. त्याचा श्वास आधी जोरात, मग थांबून थांबून येत होता. मग माझ्याभोवतीची बोटं सैल झाली.

शकुनबाईनं तलावाकडून दरड ढासळताना पाहिली. ती धावत आली, तिनं हाक मारून माणसं जमवली, फावडी आणवली. बाबुलालही आला. तो नुसत्या हातांनी माती ओढत होता, त्याची नखं फुटली, आणि तो रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं. पण तोवर उशीर झाला होता.

गोमाजीच्या हातातून मला शकुनबाईनंच काढून घेतलं. पावसाच्या पाण्यात धुतलं, उलटं केलं. पाठीवर तिच्याच अंगठ्याचा ठसा होता. तिनं मला सगळ्यांपुढं धरलं.

"हे देवी नोहे," ती जमलेल्यांना म्हणाली. "हे माही भुलाबाई आहे. बाबुलालनं नेली होती, पोरीसाठी म्हणून."

बाबुलाल म्हणाला, पोरीनं ती केव्हाच हरवली, या म्हाताऱ्याला कुठं सापडली देव जाणे. भय्याजी गावातून दिसेनासा झाला. पंचनाम्यात पावसानं दरड कोसळली असं लिहिलं गेलं. त्यात खोटं काही नव्हतं.

आनंदाबाई आली ती मुलाबरोबर. बेबीचा ताप उतरला होता. गोमाजी पवनीच्या वाटेवर होता तेव्हाच उतरला होता. शकुनबाईनं तिला माझी सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली. मग उठली आणि सरळ बाबुलालसमोर जाऊन उभी राहिली.

"माहा माणूस तुमाले भेटला होता का त्या दिवशी?"

"नाही बाई," बाबुलाल म्हणाला. "भेटला असता तं मी जाऊ देलं असतं का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला ते पटलं. नखं फुटेस्तोवर त्यानं माती उपसली, हे तिनं ऐकलं होतं.

शकुनबाई मला दगडावर आपटून फोडणार होती. आनंदाबाईनं अडवलं. माझ्या माणसानं हिच्यापायी जीव दिला, राहू द्या माझ्याजवळ, असं ती म्हणाली. तेव्हापासून मी पुन्हा तिच्या कोनाड्यात आहे. समोर फूल नसतं. बेबी आता हायस्कुलात जाते आणि माझ्याकडे बघत नाही.

गावातून कुणी बाहेर फिरायला निघालं, की आनंदाबाई त्याला बोलावते. मला हातात घेऊन दाखवते आणि सांगते. स्टेशनाच्या नावावर जाऊ नका, गाव कुठं आहे ते आधी विचारा. परतीची गाडी खिडकीवर नाहीतर कंडक्टरला विचारा, स्टँडवर उभ्या माणसाला नाही. गाडीत बसण्याआधी भाडं ठरवा. रस्ता एकाला विचारलात तर पुढं दुकानातल्या बाईला पुन्हा विचारा, त्यात कुणाचा अपमान नाही. जमिनीतून निघालेली वस्तू घेऊ नका. खाकीतला माणूस पैसे मागू लागला, तर म्हणा, चला ठाण्यात. आणि कुठल्याही जुन्या भिंतीखाली, दरडीखाली वाकू नका.

लोक हो म्हणतात आणि जातात. पवनीची टेकडी अजून तशीच आहे, बघण्यासारखी आहे. जरूर जा. बाबुलालही अजून स्टँडवर आहे, असं जाऊन आलेले सांगतात. आता तो पिकलेल्या केसांचा, अधिकच गोड बोलणारा झाला आहे.

लोक गेल्यावर आनंदाबाई माझ्यासमोर बसते. मीच म्हणलं होतं देऊन या, मीच धाडलं, असं स्वतःशी बोलते. इतकी वर्षं तेच. मला तिच्याशी बोलता येत नाही, तुमच्याशी येतंय. तेव्हा एवढं करा. तुमसरकडून कधी जाल तर वाट वाकडी करून तिच्या घरी जा. गोमाजीची आनंदाबाई म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा, की बाबुलाल त्या दिवशी गोमाजीला स्टँडवर भेटला होता. आणि त्याला सगळं माहीत होतं.